तिसऱ्यांदा दोरा तुटला तेव्हा

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणू देत! त्याच जिभेनं एका भल्यामोठ्या कंपनीचं नाक कापलं, तेव्हा हेच सगळे माझ्या मागे लपून उभे होते.

आमचा भरतकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार बायका आणि एक मशीन. शाळेच्या गणवेशांवरचे बिल्ले भरायचे. मशीन चालतं कम्प्युटरवर, आणि या दोघांची बोलाचाली जमवून देणारा जो प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. एक दिवस मशीनच्या कंपनीनं हात वर केले. "तुमचं मशीन जुनं झालं. याला आता ड्रायव्हर मिळणार नाही. नवीन घ्या!" अरे वा! जुनी तर मीही आहे, मला बदलून दाखवा!

माझी सून कम्प्युटर शिकलेली. तिनं खपून स्वतःच ड्रायव्हर लिहिला आणि इंटरनेटवर फुकट ठेवला. अट एकच: घ्या, वापरा, बदला, पण बदललेलं पुढे कुणाला दिलंत तर तेही उघडं ठेवायचं, कुलूप घालायचं नाही. मला पटली अट. दोरा तुटल्यावर स्क्रीनवर काय लिहून यावं, तेवढं मात्र मी सांगितलं. कामावरच्या बायकांना मी दोनदा काही बोलत नाही. तिसऱ्यांदा सोडत नाही. सुनेनं तस्संच घातलं.

आणि गेल्या महिन्यात कंपनीचा साहेब दारात हजर! "तुमच्या सूनबाईंनी आमचा ड्रायव्हर चोरलाय. तो काढून टाका, मशीन बंद ठेवा, नाहीतर कोर्टात भेटू!"

मशीन बंद म्हणजे आमची चूलच बंद. सून रडकुंडीला आली. "आई, उलट त्यांनीच माझा उचलून नव्या मशीनला लावलाय, मला खात्री आहे. पण त्यांनी त्याला कुलूप घातलंय, आत बघताच येत नाही!"

"आत बघायचंय कुणाला? चल त्यांच्या दुकानात. दोरा तोडू!"

दुकानात नवीन मशीन नवरीसारखं नटवून ठेवलेलं. एक गिऱ्हाईक बाई ते घ्यायला आलेली, आणि साहेब तिच्याशी असा गोड बोलत होता की मुंग्याच लागाव्यात. मी पिशवीतून कात्री काढली. कच्च! मशीन थांबलं. लाल दिवा लागला. स्क्रीन गप्प.

"झालं समाधान, आजी?" साहेबानं हसत दोरा पुन्हा ओवला.

"आजी तुझ्या घरी!" कच्च! पुन्हा लाल दिवा, पुन्हा गप्प.

सून माझी बाही ओढायला लागली. "आई, चला ना, लोक बघतायत."

"बघू देत की! ओव रे दोरा!"

कच्च!

स्क्रीनवर ही मोठी अक्षरं उमटली: 'डोळे गहाण टाकलेत का? दोरा तुटलाय!'

गिऱ्हाईक बाई भडकली. "मला म्हणता हे? मला?"

"नाही हो ताई, ते... ते आमच्या मोठ्या साहेबांनी लिहिलंय!"

"हो का?" मी म्हटलं. "मग चौथ्यांदा तुटला की काय येतं, सांग बघू."

साहेब घाम पुसायला लागला. मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "'तोंड चालतं तसे हातही चालव की, भवाने!'" दोरा मीच ओवला. कच्च!

अक्षर न अक्षर तेच आलं. 'भवाने'सकट!

"पाचवं ऐकायचंय? त्यात आईबाप येतात!"

पाचवं कुणालाच नको होतं. कंपनीनं तक्रार मागे घेतली, आणि सुनेच्या अटीप्रमाणे आपल्या ड्रायव्हरचं कुलूपही काढलं. आमचं मशीन धडाधडा सुरू झालं. मी आठवडाभर मान ताठ करून हिंडले. मान अवघडली, तरी खाली केली नाही!

मग काल आमच्याच मशीनवर तिसऱ्यांदा दोरा तुटला. मी कौतुकानं स्क्रीनकडे बघितलं. 'कृपया दोरा तपासा. धन्यवाद.'

"हे कुणी केलं?" मी ओरडले. चारही बायका एकदम बिल्ले मोजायला लागल्या.

सून चष्मा पुसत म्हणाली, "आई, अट तुम्ही भर दुकानात जिंकलीत ना? घ्या, वापरा, बदला. या बायकांनी मागितला, मी बदलून दिला. आणि उघडाच ठेवलाय हं, कुलूप नाही घातलं."

अट म्हणजे अट! खुर्ची उचलली आणि मशीनला चिकटून बसले. दोरा तुटला की मशीन 'कृपया' म्हणतं. पुढचं मी बोलते. तेही तिसऱ्यांदाची वाट न बघता, पहिल्यांदाच!