इनासचं अकरा नंबरचं कार्ड

इनास प्रोजेक्ट वाळत घालायचा.

खरंच. पाचूबंदरला त्याच्या घरासमोर बोंबील लटकतात ना, तशी त्याने आमच्या कम्प्युटर क्लासात सुतळी बांधून कार्डं लटकवली होती. एक कार्ड म्हणजे आम्ही बनवणार होतो त्या सीडीतला एक स्क्रीन. फोटो कुठे, बटण कुठे, दाबलं की कुठल्या कार्डावर जायचं, सगळं पेन्सिलीने. कोणी पंखा लावला की हा बोंबलायचा, "बंद कर! माझा मेनू उडतोय!"

मल्टिमीडियाच्या कोर्सला आमची जोडी. विषय त्याचा, बंदरावरचा मासळीचा लिलाव. सरांचा नियम असा, की प्लॅन पास झाल्याशिवाय मशीनला हात नाही. बाकीच्यांचे आठवड्यात पास झाले. आमचा महिनाभर वाळतोय. रोज हा दोन कार्डं पुसायचा, परत काढायचा.

"आता बस की रे," मी म्हणायचो.

"कागदावर चुकला तर रबर हाय. मशीनवर चुकला तर कोन हाय?"

याची मी नक्कल करायचो. मान वाकडी, कानावर पेन्सिल. अख्खा क्लास लोळायचा. इनाससुद्धा हसायचा, मग म्हणायचा, "येड्या, पेन्सिल डाव्या कानावर असते."

शुक्रवारी सर म्हणाले, "सोमवारी प्लॅन नाही, तर तुमची जोडी बाद." घरी मी सीडी जवळजवळ तयार आहे म्हणून सांगून बसलेलो, आणि पप्पा ते ऑफिसभर सांगून आलेले.

सरांना द्यायला मी सरळ सुतळीवरची कार्डं उतरवायला लागलो. सगळी भरलेली, फक्त अकरा नंबर कोरं. वर एकच शब्द, 'आवाज'.

"कोणाचा?"

त्याने कार्ड हिसकावून खिशात घातलं.

"अरे, लिलावाचा ना? मी काढतो!" कंबरेवर हात ठेवून मी सुरू झालो, "घे रं घे, ताजा पापलेट..."

इनास हसला नाही.

"आयचा हाय तो," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर बोलला, मग आवाज येनार नाय. तिला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. पन आमी एकमेकांना बोलत नाय. आता टेप घेऊन तिच्यासमोर जाऊ कसा?"

प्लॅन पास झाला की पहिलं काम रेकॉर्डिंग. महिनाभर हा कार्डं का पुसत होता ते तेव्हा मला कळलं.

"तू चल," तो म्हणाला. "मस्करीत बोल. तुला जमतं."

शनिवारी सकाळी बंदरावर त्याच्या आईच्या लिलावाला गेलो. हातात टेपरेकॉर्डर. जन्मात पहिल्यांदा मला जोक सुचेना.

"मावशी, तुमच्या इनासला परीक्षेत लिलाव करायचाय. त्याच्या तोंडातून आवाजच फुटत नाही. जरा शिकवा."

तिने टेपकडे बघितलं. मग इनासकडे, बराच वेळ.

"खोटारडा हाय तू," ती मला म्हणाली, घोगऱ्या आवाजात. मग पदर खोचला. "कर चालू."

आणि ती सुटली. पाट्या संपल्या, गिऱ्हाईक पांगलं, तरी थांबेना. रिकाम्या पाटीवर हात ठेवून नसलेल्या सुरमईचा लिलाव करत राहिली, इनासकडे बघत. मी टेपची बाजू उलटली.

इनासने खिशातून कार्ड काढलं. सवयीने हात डाव्या कानावरच्या पेन्सिलीकडे गेला, तिथेच थांबला.

"पेन हाय काय रं?" त्याने मला विचारलं.