भगदाडाचा पहारेकरी

विमा म्हणजे काय, हे आमच्या अख्ख्या आळीत फक्त मला कळत होतं. हे मी गर्वाने सांगत नाही, पण सत्य दडवायचा माझा स्वभाव नाही. रत्नागिरीतल्या एका नामांकित वकिलांकडे मी कारकून. अशिलाला कलमं समजावून सांगताना वकीलसाहेबांना एखादा शब्द अडला की ते माझ्याकडे बघत. ते निदान तेवढ्याचसाठी बघत, अशी माझी समजूत होती.

तर चौऱ्याऐंशी साली मी आमच्या चिऱ्याच्या कौलारू घराचा विमा उतरवला. आगीचा, आणि त्याला जोडून वादळाचाही. बायकोचं, म्हणजे कमळाचं म्हणणं होतं की त्याऐवजी आधी मागची भिंत दुरुस्त करावी, तिला वर्षानुवर्षं ओल येते. मी तिला समजावलं की भिंतीचं पुढे बघता येईल, पण विमा असला की माणूस निर्धास्त झोपतो.

पुढच्या श्रावणात मी तसाच निर्धास्त झोपलो असताना, भर दुपारी, असं वादळ आलं की समुद्र उठून बाजाराला निघाल्यासारखा आवाज झाला. परसातला माड कमरेत मोडला आणि माजघरावर येऊन पडला. वासे तुटले, कौलांचा चुरा झाला, आणि वर बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. माझे वडील, आप्पा, नशिबाने तेव्हा ओटीवर होते. ते आत डोकावले आणि म्हणाले, "उजेड बरा येतोय."

सगळे हबकले होते. मी मात्र आतून प्रसन्न होतो. आळीत माडाखाली आलेलं एकच घर, आणि नेमकं तेच विमा उतरवलेलं! मी तसाच भिजत विमा एजंटाकडे गेलो. त्याने कळवतो म्हणून सांगितलं. कोल्हापूरहून पाहणीला साहेब येतील, तोवर मोडलेलं काही फेकून देऊ नका, असंही बजावलं.

बिचारा एवढंच म्हणाला होता. पण वकिलाकडे वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढंच कधी ऐकू येत नाही. मला ऐकू आलं की पुराव्याला हात लावायचा नाही. घरी येऊन मी हुकूम सोडला की जे जिथे आहे ते तिथेच राहील.

संध्याकाळी शेजारचे जैनुद्दीनभाई आले. कुवेतला नोकरी करून नुकतेच परतले होते. येताना त्यांनी जाड निळ्या प्लास्टिकचा भला मोठा कागद आणला होता, आपल्या अंगणावर घालायला. तो खांद्यावर टाकून आणि शिडी घेऊनच ते आले. मी त्यांना दारातच अडवलं आणि पुराव्याचा कायदा समजावून सांगितला. त्यांनी शिडी दाराला टेकवली. मग म्हणाले, "रावजीभाऊ, पाऊस चालू हाय." मी म्हटलं, तोही पुरावाच आहे.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. भागोजी पावस गावचा, आंब्याच्या बागा राखणारा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. दोन गडी आणि छपरावर घालायला माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांची गाडी घेऊन आला होता. गडी वर चढू लागले तसा मी शिडीला मिठी मारली. भागोजी म्हणाला, "भावोजी, सायेब येईपर्यंत पाणी काय बाहेर थांबणार हाय?" मी त्याला सांगितलं की ही बागाईत नव्हे, हे कायद्याचं काम आहे. त्याने बहिणीकडे पाहिलं, झापं पडवीत उतरवली आणि न जेवता निघून गेला. भागोजी न जेवता गेला म्हणजे प्रकरण गंभीर होतं, पण तेव्हा मला ते जाणवलं नाही.

साहेब येईनात. आंबा घाटात दरड कोसळली होती आणि कोल्हापूरची वाट बंद होती. इकडे पाऊस सावकाराच्या माणसासारखा रोज येऊन माजघरात बसू लागला. गाद्या पाणी पिऊन फुगल्या. कपाटाचं लाकूड असं फुगलं की दार उघडेना, आणि माझे सगळे बरे कपडे आत अडकले. साठवणीच्या भाताच्या कणगीत पाणी शिरलं आणि भाताला मोड आले. कमळाने मूठभर भात आणून माझ्यापुढे धरलं. वर्षाचं धान्य होतं ते. मी म्हटलं, छान, हेही साहेबांना दाखवू.

 तिने आपलं शिलाईचं मशीन पुसलं. आळीतल्या बायकांची पोलकी शिवून ती घराला हातभार लावायची. मशीन हलवू नकोस म्हणून मी सांगायला गेलो, तोवर जैनुद्दीनभाईंची बायको खुर्शीद येऊन दुसऱ्या बाजूने मशीन उचलतही होती. मग शेजारी ट्रंक गेली, तांदळाचा डबा गेला आणि शेवटी आप्पाही गेले, आपली छत्री घेऊन, मागे न बघता. दारात कमळा थांबली.

"तुम्ही पुरावा सांभाळा," ती म्हणाली. "मी माणसं सांभाळते."

त्या घरात मग मी, एक बेडूक आणि विम्याचा हक्क, असे तिघेच राहिलो. जेवण शेजारून येत होतं. आप्पांचा हसण्याचा आवाजही तिथूनच येत होता.

घाट मोकळा झाला आणि एकदाचे साहेब आले. शांत गृहस्थ, चष्म्यावर पावसाचे थेंब. कपाट उघडत नसल्यामुळे मी आप्पांच्या जुन्या बंडीत त्यांचं स्वागत केलं. मी त्यांना सगळं फिरून दाखवलं. गाद्या, कपाट, मोडाचं भात. ओघात मागची ओली भिंतही दाखवली आणि वादळाने ती पार खलास केली, असं म्हणालो. साहेबांनी भिंतीवर नख ओढलं. नखात हिरवंगार शेवाळ आलं. ते म्हणाले, "हे वादळ बरंच जुनं दिसतंय."

मी लगेच विषय बदलला. मी एका वस्तूलाही हात लागू दिलेला नाही, हे त्यांना पटावं म्हणून मी साक्षीदार उभे केले. कमळाचा निरोप जाऊन भागोजीही आला होता. मी जैनुद्दीनभाईंना विचारलं, तुम्ही कागद आणला होता की नाही? ते म्हणाले, आणला होता. मी लावू दिला का? नाही दिला. भागोजीला विचारलं, झापं आणली होतीस? आणली होती. मी वर चढू दिलं? भागोजी म्हणाला, "शिडी सोडंनात." वकीलसाहेबांनीही अशी उलटतपासणी कधी घेतली नसेल. साहेब भराभर लिहून घेत होते आणि माझी छाती फुगत होती.

लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग झाकलं का नाहीत?"

"तुम्हाला भगदाड दिसायला हवं म्हणून."

"कागद उचलून बघता येतं हो," साहेब म्हणाले.

मग त्यांनी मला, अगदी मी अशिलांना समजावतो तसं, हळू आवाजात समजावलं. वादळाने छप्पर फोडलं आणि त्यातून पाणी आलं, तर ते नुकसान विम्यात बसतं. पण नंतर पाणी थोपवणं मालकाच्या हातात असताना त्याने ते येऊ दिलं, तर ते वादळाचं नुकसान नव्हे, मालकाचं. विमा नसता तर घर वाचवायला जी धावपळ केली असती, ती विमा असतानाही करायची असते. पहिल्या दिवसाचं मिळेल. कौलं, वासे, थोडी गादी. भात नाही, कपाट नाही.

मी म्हटलं, पण मी हयगय केली, हे कशावरून?

साहेबांनी माझ्या दोन्ही साक्षीदारांकडे पाहिलं. जैनुद्दीनभाई उगाच आढ्याकडे बघू लागले. तिथे आढं नव्हतं.

त्याच आठवड्यात छप्पर शाकारलं गेलं. भागोजी आणि त्याचे गडी वर, जैनुद्दीनभाई शिडी धरून, खुर्शीद चहा आणतेय, कमळा खालून सांगतेय की वासा डावीकडे घ्या. मोड आलेलं भात शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी आठवडाभर खाल्लं. वर्षाच्या धान्यासाठी कमळाने दिवाळीपर्यंत रात्रीचा दिवस करून पोलकी शिवली, आणि त्याबद्दल ती मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला भागोजीने कौलं वर देण्याचं काम दिलं होतं. मी एक कौल उचललं आणि ते कोणत्या बाजूने बसवायचं, हे त्याला समजावू लागलो. त्याने वरून हात पुढे केला आणि म्हणाला, "भावोजी, नुसतं द्या."

मी नुसतं दिलं.