ज्वालामुखाचा पंचनामा

सन दोन हजार तीन. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती आणि लातूरचं नाव लोक आता वेगळ्याच कारणासाठी घेऊ लागले होते. दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, बीडकडची पोरं एसटीच्या टपावर गाद्या आणि ट्रंका टाकून लातुरात उतरत. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची, तो ती भाड्याने देई आणि जिच्या हाताला चव, ती मेस चालवी. पंचफुलाबाईंकडे दोन्ही होतं. त्यांचं गाव भूकंपात गेलं, तशा त्या लातूरला आल्या, आणि दहा वर्षांत त्यांच्या ज्वारीच्या भाकरीवर किती डॉक्टर झाले याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही.

त्या वर्षी त्यांच्याकडे नांदेडकडच्या उमरीचा मन्मथ राहायला होता. बारावीचं वर्ष, नाकावर चष्मा, अंगात शर्टापेक्षा थोडंच जास्त वजन. पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या त्याच्या आतेभावानं उन्हाळ्यात त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चमत्कारिक फाशांची पुरचुंडी दिली होती. त्यातल्या एका फाशाला तर वीस बाजू होत्या. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार.

मन्मथनं सगळा उन्हाळा खपून गोष्ट रचली. डोंगरातली गुहा, गुहेत खजिना, खजिन्यावर ज्वालामुख नावाचा आग ओकणारा ड्रॅगन. त्याचे खवले, त्याचे डोळे, मरताना तो काय बोलेल ते शेवटचं वाक्य, सगळं त्याला तोंडपाठ होतं. दर रविवारी सकाळी क्लासची परीक्षा होई आणि दुपारी पंचफुलाबाईंच्या ओसरीवर खेळ रंगे. औशाकडचा बबलू, जो त्यांच्याकडेच राही, तो योद्धा. शेजारच्या वाजिद टेलरची जेबा जादूगारीण. चौथी अंबिका होती, पण तिच्या बापाने तिला जास्तीचा क्लास लावला आणि जागा रिकामी पडली.

"काकू, तुम्ही बसा की," बबलू म्हणाला.

पंचफुलाबाई शेंगा फोडत तिथंच बसलेल्या असत. पुस्तकातलं चित्र त्यांनी लांब धरून बघितलं. "ही तं घोरपड हाय. पंखाची घोरपड."

"ड्रॅगन म्हणतात, काकू."

"म्हनत असतील. बसते मी, पर माझं नाव लावू नको. ही घोरपड गिळंल मला, अन् संध्याकाळचा सैपाक कोन करंल?"

"मग काय नाव लावू?"

"नागुबाई लाव. माझी जाऊ हाय. गिळली तं गिळली."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण उमरीच्या कुणा ओळखीच्यानं फाटकातून हे बघितलं आणि गावी जाऊन मन्मथच्या वडिलांच्या कानावर घातलं. भगवानराव तलाठी होते. आयुष्यात त्यांनी कुणाचं ऐकलं नाही की कुणावर आवाज चढवला नाही. जे असेल ते लिहून टाकत. कोपऱ्यावरच्या एसटीडीवर त्यांचा फोन आला.

"मन्या, रविवारी येऊन राहिलो. गादी-ट्रंक बांधून ठेव."

"अप्पा, जुगार नाही तो..."

"फासे हायेत का न्हाईत?"

"आहेत, पण..."

"मंग उमरीच्या पारावर बसून टाक की. लातूरची फी कामून भरू?"

मन्मथच्या पायाखालची जमीन सरकली. त्या काळी लातूरहून अर्ध्यातून परत गेलेल्या पोराकडे गाव कसं बघत असे, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांनाच कळेल. नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, तरी तो 'लातूरहून परत आलेला'च राही. मन्मथनं कसंबसं एवढंच कबूल करून घेतलं, की अप्पा आधी एक डाव डोळ्यांनी बघतील आणि मग ठरवतील.

त्यानं तिघांसमोर हात जोडले. "एक गाव, एक गुहा, एक ड्रॅगन. गावात शिरायचं, गुहेत जायचं, त्याला मारायचं. तासाभरात संपलं पाहिजे. अप्पांना पराक्रम दिसला पाहिजे, जुगार नाही. मध्ये कुणी फाटे फोडू नका. जेबा, तुला म्हणतोय."

"मैं क्या बोली?" जेबा म्हणाली. "मारू ना. एकदम मारू."

"हाव, मारू," बबलू म्हणाला.

"मारू की, त्यात काय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "कोंबडं मारतोच की आपन."

रविवारी भगवानराव आले. हातात पिशवी आणि पिशवीतून गादी बांधायची सुतळी डोकावत होती. चहाला नको म्हणाले, खुर्ची भिंतीला लावून बसले आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "चालू दे."

मन्मथनं घसा साफ केला. आवाज खाली आणला. या वाक्यासाठी त्यानं उन्हाळ्यात चार चार वेळा कागद फाडला होता. "तुम्ही गावाच्या वेशीत पाऊल टाकता. रात्रीत ज्वालामुख येऊन गेलाय. एकही घर उभं नाही. भिंती पडल्यात. दगडांखालून कण्हण्याचा आवाज येतोय. दूर डोंगरात गुहेचं तोंड लाल दिसतंय. काय करता?"

आता बबलूनं तलवार उपसायची होती. त्याने उपसली नाही. तो फरशीकडे बघत होता. पंचफुलाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. तेव्हा कुठं मन्मथच्या डोक्यात उजेड पडला, की देखावा म्हणून आपण जे लिहिलं, ते या दोघांनी बघितलेलं आहे. उमरीला तेव्हा नुसती भांडी वाजली होती.

"जित्ती मानसं किती ऱ्हायली?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"ते... ते मी ठरवलं नाही."

"ठरीव मग. आधी दगड उचलायचे. बबलू, धर त्या बाजूनं."

"काकू, गुहा..."

"गुहा कुठं पळून चालली का? आत मानूस हाय म्हनलास ना तूच?"

बबलूनं फासा टाकला. एकोणीस. एक म्हातारी जिवंत निघाली. परत टाकला. दोन पोरं निघाली. या माणसांना मन्मथनं नावंसुद्धा दिली नव्हती आणि ती आता एकामागून एक बाहेर येऊन पाणी मागत होती.

"पाऊस कवा हाय?" बबलूनं विचारलं.

"कसला पाऊस?"

"तुझ्या गोष्टीत पाऊस पडतो का न्हाई? पत्रे लागतील. शेड उत्तरेकडं तोंड करून टाक, दुपारी भाजून निघतंय. मी सात वर्षं काढलीत त्यात."

"अन् ट्रक आले तर वेशीतच अडीव," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं सगळ्या मुलखातून जुने कपडे आले. एका पोत्यात तं कोट अन् टाय. नवरा त्यो कोट घालून मळणीला जायचा."

मन्मथनं चोरून वडिलांकडे पाहिलं. भगवानरावांचा चेहरा कोऱ्या सातबाऱ्यासारखा होता. तास संपत आला होता आणि तलवार अजून म्यानातच होती. मन्मथनं शेवटचा उपाय काढला. "तेवढ्यात डोंगरातून भयंकर गर्जना होते! जमीन हादरते!"

"वरडू दे," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पयले चूल लावा. लेकरं उपाशी हायेत."

"मी जाते गुहेत," जेबा उठून म्हणाली. मन्मथच्या जिवात जीव आला. त्याने चष्मा काढला, डोळे वटारले आणि ठेवणीतला आवाज लावला. "कोण आलंय माझ्या दारात मरायला?"

"अस्सलाम वालेकुम," जेबा म्हणाली. "गावाकडून आलो. नाव काय तुमचं?"

"ज्वालामुख!"

"वालिद का नाम?"

उन्हाळाभर विचार करून मन्मथनं त्याला चारशे खवले दिले होते; बाप दिला नव्हता.

"बोला की," जेबा म्हणाली. "वडिलांचं नाव लागतं. धंदा काय करता? नुसती आग? किती वेळ ओकता एका दमात?"

"जेबा, त्याला मारायचंय!"

"मारून काय मिळतंय, भाई? घरं बांधायला इटा लागतील. हा बसलाय रिकामा. ह्याला भट्टीवर घेऊ. लाकूड नको, कोळसा नको. पुरी भट्टी एका फुंकरीत."

"हाव!" बबलू ओरडला. "पक्क्या इटा!"

मन्मथनं डोकं धरलं. सहा महिन्यांचा ज्वालामुख, ज्याचं मरणाचं वाक्य त्यानं रडत रडत लिहिलं होतं, तो वीटभट्टीवर रोजंदारीला लागत होता. आणि तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"किती वर्षांपासून राहून राहिलाय तो तिथं?"

सगळ्यांनी वळून बघितलं. भगवानराव खुर्चीच्या कडेवर आले होते.

"कोण, अप्पा?"

"तो. गुहेतला."

"तीनशे वर्षं."

"अन् गाव कवा वसलं?"

"शंभर वर्षांपूर्वी," मन्मथ चाचरत म्हणाला.

"मंग वहिवाट त्याची हाय. अतिक्रमण गावाचं."

पंचफुलाबाई सावकाश उठल्या, पदर खोचला.

"काय म्हनलात, तलाठीसाहेब?"

"नियमानं बोलून राहिलो, बाई."

"नियम! मानसं मेली, लेकरं उघड्यावर, अन् घोरपडीची वहिवाट? असाच एक आला होता आमच्याकडं, काखोटीला वही घेऊन. माझ्या घराचं छत खाली, नवरा दवाखान्यात. एक भिंत हुभी होती. त्यानं लिवलं, 'अंशतः'. एका भिताडासाठी अंशतः! त्या भिताडात ऱ्हायची का मी?"

"तो मी नव्हतो, बाई. मला चाकूरकडं पाठवलं होतं."

"मंग तिकडं कुणाचं भिताड हुभं होतं, त्याला इचारा!"

मन्मथला वाटलं, संपलं. आता अप्पा उठणार, सुतळी काढणार. भगवानराव उठलेच. खुर्ची उचलून ते पुढे आले आणि चौघांच्या मधोमध बसले. खिशाचं पेन काढलं.

"कागद दे, मन्या. बाई, तुम्ही सांगा, मी लिहितो. तुम्ही म्हणाल तसं. भिंत उभी असली तरी घर पडलं, असंच लिहितो. पंच कोण?"

पंचफुलाबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग बसल्या. "नागुबाई लिवा," त्या म्हणाल्या. "तिला कामंधामं न्हाईत."

मग जे सुरू झालं, ते मन्मथला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. घर एक, पूर्ण पडलेलं. घर दोन, पूर्ण पडलेलं. बबलू दगड उचलत होता, पंचफुलाबाई सांगत होत्या, भगवानराव लिहीत होते. ज्वालामुखाची बाजूही ऐकून घेतली. गुहा त्याच्या नावावर राहील, बदल्यात तो पावसाळा सोडून भट्टीवर येईल, असं ठरलं. तो राजी होतो का, यासाठी भगवानरावांनी स्वतः वीस बाजूंचा फासा उचलला, कानाजवळ खुळखुळवला आणि टाकला. अठरा पडले.

"झालं!" तलाठीसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मन्मथनं बापाचे दात बघितले. "अंगठा घ्या त्याचा."

"अप्पा, त्याला पंजा आहे."

"पंज्याचा घ्या."

ऊन कलंडलं. नांदेडच्या गाडीची वेळ झाली. एकही तलवार उपसली नव्हती, एक थेंब रक्त सांडलं नव्हतं, खजिन्याचं तर कुणी नावही काढलं नव्हतं. मन्मथ मुकाट्यानं आत गेला आणि बांधलेली गादी घेऊन दारात उभा राहिला.

"हे काय?" भगवानराव म्हणाले.

"तुम्ही बांधून ठेव म्हणला होता."

"सोड ते. जागावाटप कवा हाय?"

"पुढच्या इतवारी," जेबानं तोंडाला येईल ते ठोकलं.

"मी आल्याबिगर चिठ्ठ्या काढायच्या न्हाईत. गावठाण कसं मोजतेत ते या पोराला कळत न्हाई." मग मन्मथकडे वळून म्हणाले, "अन् तू बे, अभ्यास कर. त्याच्या बापाचं नाव शोधून ठेव. रिकामा रकाना चालत न्हाई."

मन्मथ गादी तशीच छातीशी धरून उभा राहिला. त्याला हसावं की रडावं कळेना. लातूर राहिलं होतं, पण खेळ गेला होता. त्या दिवसापासून तो भगवानरावांचा झाला. परीक्षा येईपर्यंत ते दर पंधरवड्याला उमरीहून येत राहिले आणि ज्वालामुखाला कुणीही मारलं नाही.

पुढं पंचफुलाबाईंचे गुडघे दुखू लागले, तशी मेस बंद झाली. आता त्या मुरुडला लेकाकडे असतात. नागुबाईंना हे सारं कळलं, तेव्हा त्या दोन वर्षं जावेशी बोलल्या नाहीत. जेबा नांदेडला वकील आहे. जमिनीचे खटले चालवते आणि समोर कुणीही असो, आधी बापाचं नाव विचारते. बबलूचं इंजिनिअरिंग थोडक्यात हुकलं. चाकूरला त्याची वीटभट्टी आहे आणि पाटीवर पंखाची घोरपड रंगवलेली आहे. मन्मथ उदगीरला शिकून डॉक्टर झाला, पण जनावरांचा. कितीही मोठं जनावर असो, तो आधी शांतपणे त्याच्या मालकाशी बोलतो.

भगवानराव निवृत्त होऊन उमरीला आहेत. मागच्या दिवाळीत त्यांनी नातवंडांना जमवून स्वतः खेळ मांडला. चार महिने तयारी केली होती. गाव, शीव, विहिरीचा वाद, दोन वारसदार, ड्रॅगनची बाजू, तहसीलची तारीख, सगळं रचून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "वेशीत उभे आहात. समोर गुहा आहे. काय करता?"

"मारतो," सगळ्यांत धाकटी नात रुद्राणी म्हणाली आणि फासा टाकला. वीस पडले. ज्वालामुख जागच्या जागी मेला.

भगवानराव फाशावर वाकले. तोंड उघडं, पेन हातात.

"अगं, पन नोटीस?" ते कसंबसं म्हणाले.

पोरं तोवर खजिन्यावरून भांडायला लागली होती.