खोक्यात एक, कागदावर चार

सोमवारी सकाळी प्रज्ञाने चहाचा पहिला घोट घेतला आणि विमानतळाच्या कार्गो गोदामातून अर्सलानचा फोन आला. हा अर्सलान तिथला सुपरवायझर, लाहोरचा, एरवी गोड बोलणारा. आज तो इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला की तुमच्या कागदावर साप चार आहेत आणि खोकं एकच आलंय, बाकीचे तीन साप सापडत नाहीत, आणि माझी माणसं त्या बाजूला फिरकायला तयार नाहीत.

प्रज्ञा शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत आयातीची कागदपत्रं सांभाळायची. शाळांना आणि संग्रहालयांना प्रदर्शनाचं सामान पुरवणं हा कंपनीचा धंदा. फायबरचे डायनोसॉर, उघडून दाखवता येणारी हृदयं, लाल दिवा लावला की धुमसणारे ज्वालामुखी. खलिफा सिटीत गुरुवारी एक निसर्गदालन सुरू होणार होतं, आणि त्यासाठी अमेरिकेतून सिलिकॉनचा एक रॅटलस्नेक मागवला होता. एकच. त्याच्या शेपटीत बारीकशी मोटर होती. जवळ हालचाल झाली की शेपटी खुळखुळायची.

आता एकाचे चार कसे झाले, तर त्याला प्रज्ञाचा स्वभाव कारण होता. अर्धवट भरलेला कागद तिला बघवत नसे. बनवणाऱ्या कारखान्याने सापाबरोबर एक टिपण पाठवलं होतं. त्यात या एका सापाला आजवर कोणी कोणी काय काय नावं दिली, त्याची हकीकत होती. कस्टम्सवाल्यांनी उद्या शंका काढायला नको, म्हणून प्रज्ञाने वर्णनाच्या रकान्यात सगळी नावं घातली, मध्ये तिरप्या रेघा देऊन. ‘मॉडेल: टिंबर रॅटलस्नेक’, मग रेघ, मग ‘केनब्रेक रॅटलस्नेक’, पुन्हा रेघ, ‘क्रोटॅलस हॉरिडस’, आणि शेवटी ‘क्रोटॅलस अॅट्रिकॉडेटस’. अरबी फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्याला तिरपी रेघ दिसली की ते नवी ओळ सुरू करायचं आणि पुढे नग एक असं आपणहून लिहायचं. त्यामुळे कागदावर झाले चार नग. त्यातही ‘मॉडेल’ हा शब्द पहिल्या ओळीतच राहिला. उरलेले तिन्ही साप जिवंत ठरले.

आणि हमालांनी खोकं उचललं, तेव्हा ते खुळखुळलं.

प्रज्ञाचा बॉस सुजीत पुण्याचा. संकट आलं की तो आधी दोषी कोण ते ठरवायचा आणि मग ब्लड प्रेशरची गोळी घ्यायचा. त्याने दोन्ही केलं. गुरुवारी साप खलिफा सिटीत नसेल तर पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट विसरा, असं तो म्हणाला, आणि अर्थात सगळं तुझ्यामुळे हेही म्हणाला. प्रज्ञाने ते ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. मग पर्स उचलली.

“मी साप घेऊन येते,” ती म्हणाली. “एकच आणणार. आधीच सांगते.”

गोदामातला अधिकारी शांत माणूस होता. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, आणि समोर गहवा, म्हणजे अरबी कॉफी. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मोडक्या हिंदीत अडचण समजावली. कागदात चार साप आहेत, म्हणून खोकं उघडायला प्राणी विभागाचा माणूस लागेल. तो माणूस कागद नीट असल्याशिवाय येणार नाही. कागद दुरुस्त करायचा तर आत नेमकं काय आहे ते कोणीतरी पाहायला हवं. आणि पाहायचं तर खोकं उघडायला हवं.

प्रज्ञाने विचारलं, मग हे सुटायचं कसं. अधिकारी म्हणाला, इन्शाल्ला.

दुपारपर्यंत ती चार खिडक्यांवर गेली. चौघांनाही तिने तेच सांगितलं, की साप एक आहे, नावं चार आहेत. चौघांनीही तिच्याकडे सारख्याच दयेने पाहिलं. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी तर पाणी दिलं. मधल्या वेळात अर्सलानने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. ट्रक गेला की खोकं खुळखुळत होतं, आणि हमालांचं म्हणणं होतं की एकटा साप एवढा आवाज करू शकत नाही.

तेव्हा प्रज्ञा शारजाला परत आली ती थेट कुलसुमच्या टायपिंग सेंटरवर. कुलसुम दापोलीकडची. पंधरा वर्षं इथे फॉर्म टाइप करत होती, अरबी अशी बडवायची की कीबोर्ड थरथरायचा. झाला प्रकार ऐकून ती प्रथम सॉफ्टवेअरला बोलली. मग प्रज्ञाला चहा मागवला.

“बाय, नावांचं काय घेऊन बसलीस,” ती म्हणाली. “आमच्याकडं कांडर म्हणतात, त्यालाच तुम्ही घोणस म्हणता. चावायचा तर तो दोघांना सारखाच चावतो.”

“ते मला पटतंय गं. त्या साहेबाला कागदावर पटायला हवं.”

 कुलसुमने खणातून एक छापील नमुना काढला. तिच्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना तो लागायचा. पासपोर्टावर अब्दुल, शाळेच्या दाखल्यावर अब्दुल्ला, लग्नाच्या कागदावर तिसरंच काही, अशा माणसांनी शपथेवर लिहून द्यायचं की ही सगळी नावं धारण करणारी व्यक्ती एक आणि तीच आहे. त्यावर कुठलंही ऑफिस सहसा हरकत घेत नसे.

“व्यक्तीच्या जागी साप घालू,” कुलसुम म्हणाली. “खलास.”

दोघी कामाला लागल्या. प्रज्ञा टिपणावरून सांगत गेली आणि कुलसुम टाइप करत गेली. सतराशे अठ्ठावन्न साली लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने या सापाला क्रोटॅलस हॉरिडस म्हटलं. क्रोटॅलस हे ग्रीकमधल्या खुळखुळ्यावरून आलं. हॉरिडसचा मूळ अर्थ खरबरीत, मग लोकांनी त्याचा भयंकर केला. रानात दिसतो म्हणून वसाहतीतल्या लोकांनी टिंबर नाव पाडलं. दक्षिणेत तोच बोरूच्या दाट बेटांत सापडायचा, तिथे तो केनब्रेक झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकाने दक्षिणेकडच्याला अॅट्रिकॉडेटस, म्हणजे काळ्या शेपटीचा, असं वेगळं नाव दिलं. पुढे तो वेगळा की तोच यावर विद्वान पुष्कळ भांडले आणि आता बहुतेकांचं मत तोच असं पडलं आहे.

“एवढी वर्षं भांडले?” कुलसुमने विचारलं. “आमच्या गावात वाटण्या लवकर होतात.”

टाइप होऊन कागद बाहेर आला, तेव्हा प्रज्ञाने तो वाचला आणि डोक्याला हात लावला. नमुना माणसासाठी होता. त्यामुळे सुरुवात अशी झाली होती: ‘मी, क्रोटॅलस हॉरिडस, राहणार अमेरिका, शपथपूर्वक सांगतो की’. खाली सहीची जागा होती आणि शेजारी अंगठ्याची.

कुलसुमने नमुना उघडून ‘मी’ काढायचा प्रयत्न केला, पण नव्या सॉफ्टवेअरला तो पुसता येईना. मग प्रज्ञाने पेन घेतलं. अंगठ्याच्या जागेवर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘सापाच्या वतीने, प्रज्ञा’. शिक्का बसला.

मंगळवारी सकाळी अधिकाऱ्याने तो कागद वाचला. मग पुन्हा वाचला. शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून वाचायला दिला. प्रज्ञा समोर ताठ बसून होती. आज काही झालं तरी उठायचं नाही असं ठरवून ती डबासुद्धा घेऊन आली होती.

“मॅडम,” अधिकारी म्हणाला, “ये साप का बयान है?”

“जी. उसको हिंदी नहीं आती, इसलिए मैं आई हूँ.”

अधिकाऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. खाली झुकलेल्या मिशीआडून तो हसतो आहे की नाही, ते प्रज्ञाला कळेना. त्याने सांगितलं की त्याच्या आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने आहे आणि जमिनीच्या एका कामासाठी घरातले अजून हेलपाटे घालताहेत. मग त्याने प्राणी विभागाला स्वतः फोन लावला. तासाभरात लांब चिमटा घेतलेला आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेला माणूस आला. हमाल दाराबाहेर उभे राहिले. खोकं उघडलं. साप वेटोळं घालून, एकटा, शेपटी हलवत पडला होता. त्या माणसाने त्याला उलटा केला आणि पोटावरचं बॅटरीचं झाकण सगळ्यांना दाखवलं.

अर्सलानने सर्वांत आधी टाळी वाजवली.

बुधवारी प्रज्ञा आणि सुजीत साप घेऊन खलिफा सिटीत पोहोचले. दालनाची व्यवस्था हिबा नावाच्या जॉर्डनच्या एका तरुण बाईकडे होती. तिने हसून दार उघडलं आणि त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून, एकीला एक जोडलेल्या काचेच्या चार पेट्या होत्या. चारही पेट्यांत वाळू, वाळकी पानं, वरून पिवळा दिवा. प्रत्येकीवर पितळी पाटी. टिंबर. केनब्रेक. हॉरिडस. अॅट्रिकॉडेटस. फॉर्मची प्रत तिलाही गेली होती.

“बाकीचे तीन गाडीत आहेत का?” हिबाने विचारलं.

सुजीतचा चेहरा एकदम उजळला. त्याने मराठीत, ओठ न हलवता म्हटलं, “प्रज्ञा, गप्प बस. तीन अजून मागवू. एक्स्प्रेसने. थोडा रंग बदलून घेऊ.”

दोन दिवस जिने चार खिडक्यांवर हा साप एक आहे म्हणून सांगितलं होतं, तिला ते जमणारं नव्हतं. प्रज्ञाने हिबाला सगळं सांगून टाकलं, सॉफ्टवेअरपासून चिमट्यापर्यंत. पेट्यांचा खर्च वाया गेला, चूक माझी आहे, पण चार पेट्यांत चार साप ठेवले तर इथे येणारी पोरं खोटं शिकून जातील, असं ती म्हणाली. सुजीत छताकडे बघत राहिला.

हिबा पेट्यांसमोरून दोनदा इकडून तिकडे गेली. मग तिने सुताराला हाक मारून मधल्या तीन काचा काढायला सांगितल्या. लांबच लांब एक पेटी झाली. तिच्यात साप मधोमध ठेवला आणि वर चार पाट्या सालांच्या क्रमाने लावल्या. प्रत्येकीखाली ते नाव कोणी दिलं आणि का, याची दोन वाक्यं. शाळांना हेच जास्त आवडेल, असं हिबा म्हणाली. पुढच्या वर्षी वाळवंटातल्या सापांचं असंच करू, कॉन्ट्रॅक्ट पाठवते, असंही म्हणाली. सुजीतने लगेच छतावरून नजर काढली आणि हे आमच्या टीमचं व्हिजन होतं असं सांगितलं.

निघताना हिबाने प्रज्ञाला थांबवलं. नावांची हकीकत जिने जमवली, तिचं नाव पेटीखाली द्यायचं होतं. कागदोपत्री जे पूर्ण नाव असेल तेच सांगा, पितळेवर खोडता येत नाही, असं तिने बजावलं.

 डिग्रीवर ती प्रज्ञा गोविंद आठल्ये होती. लग्नात सासूबाईंनी तांदळात वसुधा लिहिलं, ते विवाहाच्या दाखल्यावर गेलं. पासपोर्टवर आडनावाच्या जागी नवऱ्याचं नाव पडल्यामुळे ती प्रज्ञा विजयकुमार झाली होती. आणि अरबीत ‘प’ नसल्यामुळे इथल्या ओळखपत्रावर गेली अकरा वर्षं ती ब्राग्या होती.

“पाटीवर ओळी किती बसतील?” तिने विचारलं.