कडा बघणारे दामूकाका

आमच्या चिखल्यातले दामूकाका कुठलीही गोष्ट समोरून बघत नाहीत. ताटात भाकरी पडली तरी आधी ती उचलून कडेने गोल फिरवून बघतील, मग तुकडा मोडतील. माझ्या बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा चहापोहे आटोपल्यावर काकांनी त्याला अंगणात नेलं आणि चारी बाजूंनी वळवून पाहिलं.

"समोरून कोणीपण छान दिसतो रे. कडा बघायची, कडा!"

मुलगा पसंत पडला. आजही तो काकांसमोर आला की आपणहून एकदा वळून दाखवतो.

ही सवय नाण्यांची. चिकूची वाडी सांभाळता सांभाळता काकांनी जन्मभर जुनी नाणी जमवली. खोटं नाणं बहुतेकदा साच्यात ओतलेलं असतं आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथे कडेवर बारीक रेघ उरते. ती शोधायला बनियनच्या खिशात कायम भिंग. ऑनलाइन महागडी नाणी मागवणाऱ्यांना तर ते घरी जाऊन झापायचे. "तज्ज्ञाने तपासून सीलबंद केलंय काय? नाही? मग तू फोटोला पैसे दिलेस."

आणि याच काकांनी गेल्या दिवाळीनंतर असाच एक महागडा रुपया मागवला. तपासलेला नाही, सीलबंद नाही, जाहिरातीत फक्त दोन बाजूंचे फोटो. पार्सल आलं तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी भिंग लावलं, नाणं फिरवलं आणि अर्ध्यावर थांबले.

"रेघ," एवढंच म्हणाले.

विकणाऱ्याला फोन केला. तो गुजराती ढंगात म्हणाला, "काका, फोटोमध्ये होता तोच माल दिला ने. रिटर्न नाही."

काकांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. "गाडी काढ," मला म्हणाले.

पत्ता निघाला गुजरातच्या सीमेजवळच्या अच्छाडचा, हायवेवरच्या सीट कव्हरच्या दुकानाचा. काका भांडले नाहीत. दुकानाबाहेरच्या बाकावर बसले आणि येईल त्या ट्रकवाल्याला हाक मारू लागले. "भाईसाब, ये सिक्का देखो. असली है क्या?" भिंग त्याच्या हातात द्यायचं, रेघ दाखवायची आणि कुठून घेतला विचारलं की आत बोट करायचं. दुकानात पाय टाकणारी गिऱ्हाइकं परत फिरायला लागली.

दुपार झाली. मी म्हटलं, "काका, निघू या?"

"तू जा. मी उद्यापण इथेच आहे."

ऊन उतरलं तेव्हा दुकानदार हात जोडत बाहेर आला. "धंद्याची वाट लावली काका. पैसे परत घ्या, नाणं द्या आणि जा."

पैसे मोबाइलवर आले. नाणं मात्र काकांनी दिलं नाही. "उद्या दुसऱ्या कोणाला पाठवशील." शेजारच्या गॅरेजमधून लोखंड कापायची करवत मागितली आणि घाम गाळत त्यांनी नाण्याचे दोन तुकडे केले. ते दुकानदाराच्या टेबलावर ठेवले, तेव्हा कुठे गाडीवर बसले.

वाटेत तलासरीला चहाला थांबलो. सकाळपासून ओठांवर आलेलं मी विचारलं, "काका, पण तुम्ही कसे फसलात?"

काकांनी चहाचा कप हातात गोल फिरवला.

"सुमनचं साल होतं रे त्याच्यावर."

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या.

"लग्नापासून म्हणते, तुमच्या पेटीत सगळ्या जगाची सालं, माझ्याच जन्माच्या सालाचा रुपया नाही. मिळतच नाही तो सहज. मी म्हणायचो, मिळेल गं, कुठे पळून जातोय. आता डॉक्टर..." काकांनी चहा तसाच खाली ठेवला. "घाई झाली."

घरी पोचलो तेव्हा काकू उशीला टेकून जाग्याच होत्या.

"मिळाला माझा रुपया?"

काका खाटेवर त्यांच्याजवळ बसले. "नाही अजून. खरा शोधायचा तर वेळ लागतो. तुला थांबावं लागेल."

काकूंनी त्यांच्या बाहीला चिकटलेला धातूचा कीस बोटाने झटकला.

"थांबते की," म्हणाल्या.