तायडे सरांची शनिवारची सुनावणी

आमचे तायडे सर पेपर तपासत नाहीत, निकालपत्र लिहितात. खोटं वाटतं ना? पाचवीतल्या कुठल्याही पोराचा गणिताचा पेपर घ्या. खाली लाल पेनानं लिहिलेलं असतं: 'प्रश्न तीन, अर्धा गुण कापला. कारण, हातचा घेतला पण मिळवला नाही. विद्यार्थ्यास म्हणणे मांडायचे असल्यास शनिवारी यावे.' मग सही, तारीख. हे नुसत्या अर्ध्या मार्कासाठी. दोन मार्क कापले तर पुरवणी जोडतात. पोरगं नाही, सर.

मी देऊळगाव राजाची. शिक्षणसेवक म्हणून लागले आणि मोताळा तालुक्यातल्या या गावात आले. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये सांगितलं गेलं, की शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयाच्या खोलीकडे फिरकायचं नाही, तिथे तायडे सरांची सुनावणी चालते. मी लगेच गेले. जाणारच ना.

आत टेबलामागे सर. उंच, बारीक, पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. समोर पोरं रांगेत, हातात आपापले पेपर. शनिवारची सकाळची शाळा, सगळ्यांना कडकडून भूक लागलेली, पण रांग हलत नव्हती. पोरं एकेक करून आपलं म्हणणं मांडायची, सर ऐकून घ्यायचे, कधी मार्क वाढायचा, कधी नाही. पण ज्याचा नाही वाढायचा तोही हसत बाहेर पडायचा. हे मला फार आवडलं. दोन महिन्यांनी मीच तिथे उभी राहिले तेव्हा मात्र नाही आवडलं.

झालं असं, की सूर्य कोणत्या दिशेला मावळतो, या माझ्या प्रश्नाला एका पोरानं लिहिलं होतं, 'शाळेच्या टाकीमागे'. मी शून्य दिला. पोरगं अपिलात गेलं.

"मॅडम, शून्य काऊन दिला? कारण नोंदवा," सर म्हणाले.

मी म्हणाले, सर, हे काय उत्तर आहे का. सर म्हणाले, ते पाहावं लागन. आणि स्थळ पाहणी लावली. सोमवारी शाळा सुटल्यावर अख्खा वर्ग, सर आणि मी मैदानात सूर्य मावळेपर्यंत उभे. सूर्य बरोबर टाकीमागे गेला. पोरानं आमच्याकडे असं बघितलं, जसं त्यानंच तो ढकललाय. निकाल तिथेच लागला: 'उत्तर खरे आहे, पण दिशेचे नाव सांगितलेले नाही. अर्धा गुण.'

सरांकडे एक फाईल आहे. परीक्षा, मार्क, उत्तरपत्रिका यांवर कुठलंही कोर्ट काही बोललं आणि ते वर्तमानपत्रात आलं, की कात्रण फाईलमध्ये. मधल्या सुट्टीत डब्याच्या आधी फाईल उघडते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा आपल्याला हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, हे मला बी.एड.मध्ये नाही कळलं, सरांकडून कळलं, भेंडीच्या भाजीसोबत. त्यांचं लाडकं वाक्य ठरलेलं: "कोर्ट मार्क देत नाई, मॅडम. कोर्ट इतकंच पाह्यते, का मार्क देणारा नीट वागला का नाई."

हेडसर वैतागायचे. बुलढाण्याले कोर्टात जागा निघाली का तुमचाच अर्ज भरतो, म्हणायचे. तायडे सर शांतपणे विचारायचे, वयाची अट काय आहे.

आता जरा कायद्याचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मधे बरीच वर्षं आठवीपर्यंत कोणी नापासच व्हायचं नाही. मग कायदा बदलला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झालं तर जादा मार्गदर्शन, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, आणि त्यातही गेलं तर पोर त्याच वर्गात. हा नियम आला तेव्हा सगळे मास्तर खूश झाले, आता पोट्टे वळणावर येतील म्हणून. तायडे सर एकटेच म्हणाले, आतालोक आपलं पेन नुसतं लाल होतं, आता त्याले धार आली.

आणि मग आरतीचं झालं.

आरती पाचवीतली. चार किलोमीटरवरच्या वस्तीवरून यायची, तिकडची शाळा चौथीपर्यंतच. इतकी गप्प पोरगी, की हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी बोट वर करायची. वार्षिक परीक्षेत गणितात गेली. जूनमध्ये पुन्हा परीक्षा झाली, तायडे सरांनीच पेपर तपासला. सवलतीचे गुण धरूनही दोन मार्क कमी. म्हणजे तिच्या सगळ्या मैत्रिणी सहावीत आणि ही पाचवीतच.

हेडसर म्हणाले, दोनच मार्क आहेत, नीट पाहा, कुठंतरी दिसतील. सरांनी तीनदा पाहिलं. मीही पाहिलं. नव्हते.

"मंग देऊन टाका नं," हेडसर म्हणाले.

"दिले तं ते तिचे नाई होत," सर म्हणाले. "सहावीत बसून रोज वाटन तिले, का मले कोणी उचलून इथं ठेवलं."

स्टाफरूममध्ये सगळे सरांवर चिडले. मी तर सर्वात जास्त. सर स्वतः लोणचं घालतात आणि ते जबरदस्त असतं. मी तीन दिवस त्याला हात लावला नाही, यावरून समजा.

शाळा सुरू होऊन पहिला शनिवार आला. आरती अपिलाला येईल असं सगळ्यांना वाटलं. ती आलीच नाही. सर तिचा पेपर टेबलावर ठेवून दोन वाजेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, स्कूटर काढून ते तिच्या वस्तीवर गेले.

सोमवारी शाळा सुटल्यावर मला वाचनालयाच्या खोलीत बोलावलं. हेडसरही आलेले. सर म्हणाले, माझ्या खुर्चीत तुम्ही बसा. पेपर मी तपासला, अपीलही मीच ऐकणार, हे चालत नाई.

मी बसले. चोवीस वर्षांची मी, आणि माझ्या वडिलांच्या वयाचे सर टेबलापलीकडे उभे. मी विचारलं, की आरतीतर्फे कोण बोलणार.

"मी."

"आणि समोरून?"

"समोरून बी मीच. पण त्याले काही बाजू नाई."

मग त्यांनी जादा मार्गदर्शनाचं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. मे महिना, सकाळी सातचा वर्ग, शिकवणारे तायडे. आरतीच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लाल गैरहजेरी. एक दिवस सुटलेला नव्हता.

"हे कोणं लिहिलं? तायडेनं. रोज लिहिलं. एकदा बी विचारलं नाई, का पोरगी काऊन येत नाई." सर अगदी हळू बोलत होते. "काल तिच्या मायले विचारलं. ती म्हणे, सुट्टीत शाळेची गाडी बंद असते नं सर, मंग पोरगी येईन कशी? पहिले दोन दिवस दप्तर घेऊन फाट्यावर उभी होती. नऊ वाजेलोक वाट पाह्यली अन उन्हात वापस गेली. परीक्षेच्या दिवशी मामानं मोटरसायकलवर आणून सोडली, एवढंच."

सरांनी खिशातलं एक पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"कायद्यात आधी लिहिलं, शिकवा. मंग लिहिलं, परीक्षा घ्या. हिले शिकवलंच नाई. तं ते परीक्षा कशाची?"

मी निकाल दिला. ती परीक्षा धरायची नाही, आधी शिकवायचं, मग पुन्हा घ्यायची, आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत. सहा दिवस उरले होते. पण माझ्या निकालाला विचारतो कोण? सही हेडसरांची लागणार.

हेडसर म्हणाले, वर काय कळवू, आमच्या इथं मार्गदर्शन झालंच नाई म्हणून? चूक कोणाच्या नावावर लावू?

सरांनी घडी केलेला कागद पुढे केला. अर्ज तयार होता. विद्यार्थिनी मार्गदर्शनाला कशी येणार याची चौकशी तायडे यांनी केली नाही, असं स्वच्छ अक्षरात.

हेडसरांनी वाचला आणि आवाज खाली आणला. "तायडे सर, पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर होऊन राह्यले. सर्व्हिसमध्ये एक मेमो नाई तुमच्या नावावर."

"म्हणूनच तं. तिथं लिहायले जागा लई मोकळी आहे."

हेडसरांनी सही केली.

त्याच दिवसापासून पाच दिवस शाळा सुटली की सरांची स्कूटर वस्तीकडे. एकदा मीही मागे बसून गेले. ओट्यावर आरती भागाकार करत होती आणि बोलत होती. ती, जी हजेरीला बोट वर करायची. सर आपले गप्प, नुसते हं हं करत होते.

सहाव्या दिवशी, शनिवारी, परीक्षा झाली. पेपर तपासायला सरांनी हात लावला नाही, मी पक्षकार आहे म्हणाले. मी तपासला. आरती सवलतीच्या गुणांशिवाय पास. एक मार्क मी कापला आणि का कापला ते तीन ओळींत लिहिलं, मग मलाच हसू आलं.

आरती सहावीत बसली. सरांना मेमो मिळाला, तो त्यांनी फाईलमध्ये लावला, कात्रणांच्या वर. शाळेची गाडी तर पहिल्या दिवसापासून सुरू झालेली. म्हणजे सगळं मिटलं. पण सर अजूनही रविवारी वस्तीवर जातात, हे मला परवा कळलं.

मी विचारलं, सर, आता काय राहिलं? पास झाली ना ती.

सर डब्याचं झाकण लावत होते. त्यांचा मुलगा पुण्याला, काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, नातू सांभाळायला दोन वर्षांपासून तिकडेच, हे मला माहीत होतं. पण सर कधी त्यावर बोलत नाहीत.

"गणिताचं काही राह्यलं नाई," ते म्हणाले. "मी गेलो का ती पहिले विचारते, सर, जेवले का. रविवारी घरी कोणी विचारत नाई, मॅडम."