रुंद चाकांचा जावई

लग्नाला आठवडा उरला असताना स्वराजने बस्ता, जेवण, मांडव आणि बँड ही सगळी कामं वडिलांवर, म्हणजे विठूवर, सोपवली आणि स्वतःकडे एकच महत्त्वाचं काम ठेवलं. जीपला नवी चाकं निवडणं.

जीप जुनी होती, पण डोंगरदऱ्यांत फिरणारी होती. दहिवलीत युनूसभाईच्या टायरच्या दुकानात तो रोज जाऊन बसू लागला. युनूसने तीन सेट दाखवले. पहिला होता तसाच, कंपनीच्या मापाचा. दुसरा जरा रुंद. तिसरा मागच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्यावरचं कापड युनूसने बाजूला केलं, तेव्हा स्वराजने नकळत चपला काढल्या.

टायर इतका रुंद, की त्यावर एखादं मूल निजवावं. नक्षी इतकी खोल, की बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत. काळ्या रिमवर ऊन पडलं आणि शेजारच्या हॉटेलातून चहा घेऊन आलेला माणूस चहा द्यायचं विसरून उभा राहिला.

"बसतील?" स्वराजने हळू आवाजात विचारलं.

"बसतील," युनूस म्हणाला. "पण भावा, माझं ऐकशील तर मधली घे. रोजच्या वापराला बरी."

"युनूसभाई, मी काय रोज लग्न करणाराय?"

युनूसने वहीत तिसऱ्या सेटची नोंद केली. चाकं बसतील का, हा प्रश्न प्रामाणिक होता. बसतील, हे उत्तरही प्रामाणिक होतं. ती वळतील का, हे मात्र दोघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही. देव्हाऱ्यातला देव वळतो का, हे तरी कोण विचारतं?

आधी लावली तर मळतील म्हणून लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चाकं चढली. दुकान ते घर रस्ता सरळ होता. विठूने जीपभोवती एक फेरी मारली.

"अरं, ही चाकं हायेत का गिरणीचे दगड?" तो म्हणाला. मग हळूच टायरला हात लावून तो हात कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव स्वतः जीप चालवत नवरीच्या गावाला, कोंडाण्याला निघाला. शेजारी विठू, मागे वऱ्हाडाचा टेंपो. गावाबाहेरची बारीकसारीक वळणं जीपने कशीबशी काढली. मग एक खरं वळण आलं. स्वराजने स्टिअरिंग फिरवलं. ते चार बोटं फिरलं, 'खर्रर्र' असा आवाज झाला आणि टायर मडगार्डला भिडून अडला. दुसऱ्या बाजूलाही चारच बोटं.

"काय झालं रं?" विठूने विचारलं.

"काय नाय, बाबा."

"रस्ता तिकडं गेला."

"हां."

"आन आपण इकडं चाललो."

"बाबा, टेंपोतली माणसं बघतायत. हसा."

विठू हसला. जीप रस्ता सोडून कापणी झालेल्या भातशेतात उतरली. पुढे जे घडलं त्याबद्दल टेंपोतले वऱ्हाडी अजूनही आवाज खाली घेऊन बोलतात. बांध आला की जीप त्यावर अशी चढायची, जसा हत्ती उंबरठा ओलांडतो. नागमोडी रस्ता वाटेत दोनदा आडवा आला. जीपने दोन्ही वेळा तो ओलांडला आणि पुन्हा शेतात शिरली. डोंगराच्या पायथ्याशी मांडवाचं कापड दिसत होतं. नाक तिकडे धरायला चार बोटं पुरेशी होती.

मांडवात नवरीचा बाप जयवंता रस्त्याकडे डोळे लावून बसला होता. धुरळा भलतीकडेच दिसला.

"जावयबापू रस्त्यानं नाय येत!" कुणीतरी ओरडलं.

"मंग कुठनं येतायत?"

"शेतातनं! एकदम सरळ!"

बँडवाले वाजवायचे थांबले. जीप मांडवाच्या दारात येऊन थबकली, टेंपो बऱ्याच वेळाने रस्त्याने आला. लग्न मुहूर्तावर लागलं. जेवणं होईपर्यंत अर्ध्या गावाने चाकांना हात लावून पाहिलं, आणि एका आजीबाईंनी चारही टायरांना हळदकुंकू वाहिलं.

पाठवणीच्या वेळी घोटाळा झाला. जीपचं तोंड डोंगराकडे होतं. दहिवली पाठीमागे होती. आणि सगळं गाव मांडवामागे, ओट्यांवर, कौलांवर जागा धरून उभं होतं.

"आता डोंगरावरनं नेनार बगा!" नवरीचा चुलता शुक्रा सगळ्यांना सांगत होता. "आल्या वाटंनं परत जाणारा जावय नाय ह्यो!"

स्वराजच्या मुंडावळ्या घामाने कपाळाला चिकटल्या. पुढेमागे करत फिरवावी तर दुपार गेली असती आणि अब्रूही. गावाचे विस्फारलेले डोळे त्याच्यावर खिळले होते. शेजारी बसलेल्या नव्या बायकोला, समीक्षाला, तो पहिल्यांदाच काही बोलला.

"गाडी वळत नाय."

"म्हायती हाय," ती म्हणाली. "येताना तुमचे बाबा हसत व्हते. सुखी माणूस असं हसत नाय."

ती शालू सावरत खाली उतरली.

"आबा!" ती मोठ्याने म्हणाली. "आपली रीत ऱ्हायली ना! पाठवणीला जावयाची गाडी म्हायेरच्या माणसांनी उचलून फिरवायची असते!"

अशी रीत जयवंताने जन्मात ऐकली नव्हती. पण एवढ्या पाहुण्यांसमोर आपल्याच घरची रीत आपल्याला ठाऊक नाही, असं कोण म्हणणार? त्याने थोरल्या भावाकडे पाहिलं. शुक्राने घसा साफ केला.

"हाय की," तो म्हणाला. "माझ्या लग्नात बैलगाडी फिरवली व्हती. बैलांसकट."

मग कुणी मागे राहिलं नाही. समीक्षा पुन्हा जीपमध्ये चढून बसली. भाऊबंद धावले, पुढचा भाग उचलला, आणि जीप नवरा-नवरीसकट डौलात फिरून दहिवलीकडे तोंड करून उभी राहिली. विठूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढा मान आमाला आजपतुर कुणी दिला नाय," तो म्हणाला.

स्वराजने दोन दिवसांनी गुपचूप मधली चाकं बसवून घेतली. कोंडाण्यात मात्र तेव्हापासून कुणाचीही पाठवणी गाडी उचलल्याशिवाय होत नाही. रिक्षा झाल्या, मोटारी झाल्या, एक ट्रॅक्टरही झाला. परवा खालापूरचा एक जावई वऱ्हाडाच्या बसमधूनच आला. जयवंताने बसभोवती सावकाश फेरी मारली, खाली वाकून चाकं मोजली, सरळ होत धोतराचा काचा मारला.

"रीत ती रीत," तो म्हणाला, आणि शेजारच्या गावांत माणसं मागायला निरोप धाडला.